बुडण्याचा तास

आधी तळं माझ्या घरी येऊन गेलं,
मग मी तळ्याकडे गेले.

त्या रात्री ते दार न वाजवता आलं.
मशीनच्या पायट्यापर्यंत, मग चाकापर्यंत, मग
अर्धवट शिवलेल्या सतरा ब्लाउजांपर्यंत.
मी ओट्यावर उभी, हातात टॉर्च आणि मापांची वही.
पाणी ओसरल्यावर भिंतीवर एक रेघ राहिली,
माझ्या छातीच्या उंचीची.
दोनदा रंग मारला. ती वर येतेच.

डिसेंबर. अंबाझरी. सकाळचे साडेसहा.
नान्हे सर माझ्या मुलाहून लहान,
भंडाऱ्याकडचे, धिवराच्या घरातले.
"कॅनो म्हना का काही म्हना जी,
आमचा आबा याले डोंगाच म्हने."

आधी जॅकेट.
मी बाह्या घालण्याआधी शिवण पाहते, धंद्याची सवय.
पट्ट्याला उलटा टाका आहे. ठीक.
सर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढतात,
जॅकेट कानापर्यंत येतं.
"ढिल्लं जाकीट म्हंजे जाकीट नाही."
हे मला कोणी शिकवायला नको.
मापात चुकलेला कपडा
ऐन वेळी अंगाला सोडून जातो.

मग गुडघे.
नावेत उभं राहायचं नाही.
चढताना एक हात या काठावर, एक त्या,
पाऊल मधोमध,
तापातून नुकत्याच झोपलेल्या पोराच्या खाटेवर
टेकावं तसं.
वल्हं पुढे रोवायचं, कमरेतून ओढायचं.
मी दंडाने ओढते.
नाव जागच्या जागी गोल फिरते.
मागून गजभिये, रेल्वेतून निवृत्त,
"ताई, इतवारी का अजनी? एक काय ते ठरवा."

ओढ संपता संपता मनगट वळवायचं,
अंगठा खाली, की नाक सरळ राहतं.
चार रविवार नाही जमलं.
पाचव्या रविवारी लक्ष नव्हतं,
दूर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता,
तेव्हा झालं,
गळ्याची गोलाई कापताना कात्री आपली आपण वळते
तसं.
वल्ह्यामागे एक लहानसा भोवरा सुटला
आणि मागे राहिला.

"जाताना वारा पाठीवर गोड लागते.
येताना तोच वसुली करते.
म्हून आधी वाऱ्याच्या तोंडावर जाचं,
दम हाये तवाच."

आणि मग तो तास.
"आता पलटी करा."
मुद्दाम?
"मुद्दामच. एकदा आपल्या मर्जीनं पडाचं जी, मंग..."
पुढचं ते बोलले नाहीत,
वल्ह्यावरचा शेवाळाचा धागा काढत राहिले.

थंडी कानात शिरली.
नाकात तोच वास: गाळ, गटार, ओली भिंत.
मी सगळं विसरले.
वही कुठे आहे, एवढंच डोक्यात आलं.

जॅकेटने मला हनुवटीला धरून वर आणलं.

"नाव सोडाची नाही!" काठावरून आवाज.
नाव. हो. उलटी झाली तरी ती तरंगते.
तिच्या वाऱ्याकडच्या अंगाला जायचं,
नाहीतर वारा तिला आपल्यावरच लोटतो.
पाय खाली सोडायचे नाहीत,
खाली गाळ आहे, जलपर्णीची मुळं आहेत,
उथळ पाण्यातच पाय अडकतात.
शिट्टी तीनदा.
माझ्या तीन शिट्ट्यांची दीडच वाजली,
बाकी पाणी.
गजभिये दुसऱ्या टोकाला धरून हसत होते,
त्यांची टोपी एकटीच बंधाऱ्याकडे निघाली होती.
"टोपी जाऊ द्या!" सर ओरडले.
टोपी गेली.

घरी आले. केस ओलेच.
टेप लावली: जमिनीपासून सत्तेचाळीस इंच.
तिसऱ्यांदा रंग मारणार होते, डबा उघडलाही होता.
मग रेघेच्या वितभर वर खिळा ठोकला,
त्यावर शिट्टी अडकवली, नारिंगी,
स्वतःच्या पैशाने घेतलेली.

दुकानात बायका विचारतात, ही कशाला इथे?
मी म्हणते,
हात वर करा, माप घेते.