खाच आणि खुंटी

कालिम्नोसच्या धक्क्यामागे, स्पंजांच्या जुन्या वखारीत
पोलिक्सेनी पितळेला कानस लावते आहे.
समोर गंजल्या तुकड्यांचे क्ष-किरण फोटो,
त्यांवर कॉफीच्या कपाची वर्तुळं.
दात हवेत दोनशे तेवीस.
तिनं तीनदा मोजले, बावीसच भरले.
एक शिवी हासडून नवी चकती घेतली.

यंत्र कशासाठी होतं गं, विचारतो बर्फवाला.
ग्रहणं कळायला, म्हणते ती,
आणि पुढचं बोलत नाही,
कारण पुढचं तिलाही ठाऊक नाही.

काल रात्री दोन चाकं एकावर एक बसवली,
आस किंचित चुकवून,
खालच्याची खुंटी वरच्याच्या खाचेत.
दांडा फिरवला.
चंद्र निघाला, रेंगाळला,
मग पाय उचलून भराभर पुढे.

हात जागीच राहिला तिचा.
अशीच चालायचे पापू,
समुद्रतळातून एकदा घाईनं वर आले तेव्हापासून,
धक्का ते घर,
एक पाय मागं राहणारा, दुसरा त्याचं देणं फेडणारा.
आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो, म्हणाली मला.

कोण बसलं असेल वर्षानुवर्षं
हे लंगडणं बघत,
नीट चाल, असं चंद्राला न सांगता
काशाला खाच पाडणारं?

खाच अजून घट्ट आहे.
बारीक कानस कुठं ठेवली, शोधतेय.