मीठ पुढे, बर्फ मागे

आधी फरशीला भोक पडलं, रुपयाएवढं.
मग बशीएवढं.
मग दादांनी त्यावर मंडपवाल्याची टाकून दिलेली पत्र्याची पाटी ठोकली,
'शुभविवाह, डावीकडे वळा',
आणि दोन उन्हाळे
त्या लग्नावर पाय ठेवून गाडी चालवली.

पालद्याच्या कारखान्यातून लाद्या उचलायच्या,
दिवे लागायच्या आत सराफ्यात, कुल्फीवाल्यांच्या दारात.
सोबत खडेमीठ.
मीठ बर्फाशेजारी ठेवता येत नाही,
म्हणून मीठ पुढे, बर्फ मागे.
सव्वीस वर्षं मिठाची गोणी दादांच्या शेजारी बसून गेली
आणि मी मागे, भुशात, तरटावर, मे महिन्यात कुडकुडत.
बर्फ वाचला.
केबिन मात्र आतून, सावकाश,
कुणी चाखत बसावं तशी संपत गेली.

देवास नाक्यामागे रईसभाईकडे एक मिळाली.
दोन हजार एकची. आमची शहाण्णवची.
"भिया, पाँच साल का फरक तो सगे भाइयों में भी रहता है."
भेरूघाटात मागून चेपलेल्या पिकअपचं हे डोकं,
चेहऱ्यावर ओरखडा नाही.
ड्रायव्हरचं काय झालं, मी विचारलं नाही.
दादांनी विचारलं.
रईसभाई म्हणाला, चाय मँगवाता हूँ.

जुनी केबिन साखळीवर वर गेली तेव्हा
खाली इंजिन उघडं पडलं,
स्टिअरिंगचा दांडा एकटाच, हात नसलेला, वर आलेला.
"झाकून घ्या रे काहीतरी," दादा म्हणाले.
कुणी हललं नाही.
मग त्यांनीच बर्फावरचं तरट आणून पांघरलं.

चारातले तीन बोल्ट जुळले.
चौथ्याचं भोक बोटभर सरकलेलं,
ते गॅसने कापून मोठं केलं.
आमची लाल वायर हॉर्नची, त्यांची लाल वायर दिव्याची,
त्यामुळे पहिल्यांदा हॉर्न दाबला
तर गाडीने नुसता डोळा मारला.
लखन हसून हसून टायरवर बसला.
दाराला एक किल्ली, इंजिनाला दुसरी.
पण नंबर चेसिसवर असतो,
म्हणजे कागदावर गाडी तीच.

जुनीचं वजन एकशे चौसष्ट किलो भरलं.
कोरी होती तेव्हा दोनशेच्या वर असणार.
बाकीची गेली कुठे?
काही रस्त्यावर, काही आमच्या चपलांच्या तळाला,
चिमूटभर, देव माफ करो, कुल्फीत.

नव्या केबिनमध्ये उन्हाच्या झडपेवर
पेन्सिलीने लिहिलेलं होतं:
केले ६२ घड, बुरहानपुर.
और नीचे, पुन्हा गिरवून, गुड्डी की चप्पल, ६ नंबर.
लखनने पुसायला फडकं उचललं.
"राहू दे," दादा म्हणाले,
"घेतली की नाही ते कळलेलं नाही अजून."

मिठासाठी मी चेसिसखाली प्लॅस्टिकचा पिंप बसवून घेतला.
आता गोणी आत येत नाही.
मी येतो.
सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पुढच्या सीटवर.
नवलखा चौकात गाडी वळली
तसा दादांचा डावा हात गिअरवरून सुटून
गोणी सावरायला बाजूला आला
आणि माझ्या छातीवर टेकला.
क्षणभर तिथेच राहिला.
सिग्नल होता तोवर, म्हणा.

सराफ्यात उतरलो.
रेक्झिनवर, माझी पाठ होती तिथे,
घाम वाळून पांढरी रेघ उमटलेली.
मी बाही फिरवणार, तर दादांनी आधीच बघितलं होतं.
"आलंच बघ आत," ते म्हणाले
आणि काच खाली केली.