अठरा डॉलर

टोलेडोच्या कचेरीत माझा नंबर एकशे बेचाळीस.
मांडीवर पिशवी: पगाराच्या चिठ्ठ्या, घरभाड्याचा करार,
पाच वर्षं पुरी झालेली ग्रीन कार्डं,
रेवणला कामावरून कमी केल्याचं पत्र,
त्यानेच चार घड्या घालून दिलेलं.

घरात माणसं किती?
तीन, म्हणाले. मग म्हणाले, इचलकरंजीत एक.
दर महिन्याला शंभर जातात तिकडे,
त्यावर ती दोन वेळा जेवते.
लट्रीसबाई म्हणाल्या, ती धरता येत नाही.
आवाज मऊ होता.
खोडरबरही मऊच असतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आई सांगायची.
तांब्यात निखारे घालून माझ्या गणवेशाला इस्त्री करायची,
वर्गात कुणाला कळू नये म्हणून.
इथे तीच मूठ काचेखालच्या फटीतून पुढे सरकवायची,
एकेक बोट उघडायचं,
आणि ती पुरेशी रिकामी आहे का
ते दुसऱ्याने तपासायचं.

नाही निघाली.

नोव्हेंबरात बेकरीत भोपळ्याच्या पायचा हंगाम.
(भोपळ्याला कसले गं पाय? आई फोनवर हसली होती.)
दोन रविवार जास्त उभी राहिले,
रात्री माझेच पाय भोपळ्याएवढे.
त्या दोन रविवारांनी आम्हाला मर्यादेच्या वर नेलं,
अठरा डॉलरनी.
एवढी श्रीमंत मी जन्मात झाले नव्हते.

कृत्तिकाचं होईल, लट्रीसबाई म्हणाल्या,
मुलांची रेघ वर असते.
तुम्ही दोघं डिसेंबरची चिठ्ठी घेऊन पुन्हा या.
रेवणच्या इन्सुलिनची बाटली वीस तारखेला संपते.
त्याला रकाना नव्हता.
आणि मागे एकशे त्रेचाळीस उभा होता,
खोकला तळहातात दाबत.

शनिवारी मॅनेजरने विचारलं, जास्तीची पाळी घेशील?
ख्रिसमस आहे, दीडपट देईन.
माझ्या बापाने यंत्रमागाला कधी नाही म्हटलं नाही,
तापातसुद्धा.
मी एप्रनला हात पुसत राहिले,
पीठ कधीच गेलं होतं.
नको, म्हणाले.

रात्री हिशेबाची वही काढली.
न केलेले आठ तास.
जमेला धरू की खर्चात?
रेवण म्हणाला, झोप आता.
पेन्सिलीने मधल्या रेघेवरच लिहून ठेवलं.