छताइतकी दोरी

जमिनीपासून छतापर्यंत दोरी धरली,
ताऱ्यापुरती वीत सोडून गाठ मारली.
गेल्या वर्षी नुसत्या नजरेनं मापलं होतं.
घरी आणून शेंडा कापावा लागला,
आणि हेल्मी नवं वर्ष उजाडेपर्यंत
झाडाची माफी मागत होती.

सरकारी रानात झाड स्वस्त.
फोनवरून चार पैसे भरायचे,
कुऱ्हाड आपली, घसरगाडी आपली,
आणि तोडायचं ते तसंही तुटणारच असलेलं:
विजेच्या तारांखालचं, चराच्या कडेचं,
थोराडांच्या सावलीत कोंडलेलं.

सकाळचे दहा. उजेड आत्ताच उठलाय,
तीनला परत झोपायला जाईल.
कारेल पुढे पळतो.
"हे?"
दोरी लावते. उंच.
"हे?"
रुंद. हे आत आलं तर आपण कुठे जायचं?
"मग हे?"
हे फार छान आहे रे, म्हणूनच नको.

हेल्मी हाक मारत नाही.
एका झाडासमोर उभी आहे, हात खिशात,
मी बाजारात मासळीसमोर उभी राहते तशी.
झाडाला दोन शेंडे. एक अंग उघडं,
हरणांनी खाल्लं, की बर्फानं मोडलं.
"तारा कुठल्या शेंड्यावर?" कारेल विचारतो.
"यंदा डाव्या," ती म्हणते,
जसं काही हे झाड पुढच्या वर्षीही असणार आहे.

भेटींचं असं ठरलंय की दुकानात जायचं नाही.
आयनारचा पगार फिनलंडहून येतो,
आधी जळण, मग वीज, मग कारेलचे बूट.
उरतं ते मोजायला
हातमोजे काढावे लागत नाहीत.

मी जुना स्वेटर उसवला.
लोकर भिजवली, वजन बांधून टांगली,
तरी ती आपली वळणं विसरेना.
कोपराकडची विरलेली टाकून दिली,
म्हणून आयनारच्या हातमोज्यांचे अंगठे तांबडे.
कारेलची भेट काडेपेटीत आहे.
ती उघडायची नाही, हलवायची नाही,
आणि जड आहे का असंही विचारायचं नाही.

चोवीसला दुपारी दफनभूमीत मेणबत्त्या.
आईला एक, आयनारच्या भावाला एक,
आणि कोपऱ्यातल्या नाव पुसलेल्या दगडाला एक,
आई लावायची म्हणून.

ताल्लिनच्या धक्क्याला बोट उशिरा लागली,
बस त्याहून उशिरा. सव्वानऊला तो दारात,
सॉना थंडावलेली,
रक्ताचं सॉसेज तिसऱ्यांदा गरम केलेलं.

आमच्याकडे भेट फुकट मिळत नाही.
झाडासमोर उभं राहून कविता म्हणावी लागते.
कारेलनं सशाची म्हटली, तीनपैकी दोन कडवी.
हेल्मीनं स्वतःची, इतकी हळू
की झाडालाच काय ती ऐकू गेली.
आयनारला शाळेतली एक ओळ आठवेना.
"मग भेट नाही," कारेल म्हणाला.

तो उठला. टोपी काढली. खाकरला.

मार्दू, कूसालू,
काहाला, कोल्गा,
वीत्ना, इथे चहा,
हाल्याला,
हाल्यालानंतर मला झोप येत नाही.

"ही कविता नाही. हे बसचे थांबे आहेत."
"आहे कविता," हेल्मी म्हणाली. "पुन्हा म्हण."

काडेपेटीत दोरी होती,
गुंडाळून गुंडाळून कोंबलेली.
"मी एवढा आहे," कारेल म्हणाला.
"तिकडे न्यायला."
आयनारनं एक टोक बुटाखाली दाबलं,
दुसरं छातीशी ओढून आणलं,
आणि सदऱ्याच्या कुठल्या बटणाशी पोचतं
ते बराच वेळ बघत राहिला.

रात्री मी टेबल आवरलं नाही.
गेलेले येऊन जेवतात म्हणे या रात्री,
पाव, मीठ, कोबी तसंच ठेवायचं असतं.
झाडाचं उघडं अंग भिंतीकडे करावं म्हटलं,
हेल्मीनं करू दिलं नाही.

सत्तावीसला तो हीच कविता
शेवटाकडून म्हणत जाईल.