घाट उघडा आहे का

पहाटे साडेतीनला मी ट्रकला नांगर जोडतो.
शेताचा नव्हे, बर्फाचा.
कोलोरॅडोच्या या कोपऱ्यात माझं पीक म्हणजे रस्ता,
रात्री बुजतो,
सकाळी पुन्हा उकरायचा.

नऊशे वस्तीचं गाव. एक पेट्रोलपंप, दोन गुत्ते, तीन चर्च.
खाण बंद पडल्यापासून दातांचा डॉक्टरही नाही.
आणि माझ्या मुलीला बॅले हवा.

पहिली बाई शेल्बी.
अग्निशमन केंद्राच्या माडीवर दर मंगळवारी क्लास,
टिकल्यांचे झगे, नाताळात कार्यक्रम.
शेल्बी चांगली आहे हो. उन्हाळ्यात होड्या शिकवते,
कुणाकडे मयत झालं तर पहिलं पातेलं तिचं.
हॅटीला नववं संपायच्या आत तिने दिले
गुलाबी सॅटिनचे, टोकावर उभं राहायचे बूट.
पोरगी उभी राहिली.
आम्ही टाळ्या वाजवल्या. फोनमध्ये आहे अजून,
सगळ्यांत मोठा आवाज माझाच.

इंजिन खोकलं तर मला कळतं.
पण जे आपण कधी शिकलोच नाही
ते कुणी नीट शिकवतंय का,
हे कशावरून ओळखायचं?
ऱ्होडा म्हणाली, रात्री तिचे घोटे सुजतात.
मी म्हटलं, वाढीचं वय आहे.

मग घाटाखालच्या शहरातली ती म्हातारी.
दोन तास दहा मिनिटं, रस्ता कोरडा असेल तर.
टायरच्या दुकानामागे लांबट खोली,
भिंतीला नळाचा पाइप, तोच धरायचा दांडा.
मिस तोदोरोवा. एक खांदा उतरलेला, आवाज मात्र ताठ.
नाच बघितलाच नाही तिने.
म्हणाली, बूट काढ.
घोटा हातात घेतला, अंगठ्याने दाबत गेली
हळूहळू, हाडाहाडाशी थांबत.
"दोन वर्षं नाही. हे कपाटात ठेव.
गुडघे वाकवायला ये शनिवारी."

हॅटी खिंडीपर्यंत रडली.
मीही धुमसत होतो. अर्धी टाकी डिझेल जाळून
एक 'नाही' विकत घेतला होता.

त्याच आठवड्यात वर खड्डा खणला, कड्याखाली,
बर्फाचे थर बघायला. दर हिवाळ्यात खणतो.
वर मीटरभर नवं, देखणं, घट्ट.
तळाशी ऑक्टोबरचं जुनं, साखरेसारखं सुटं.
असा उतार उभा राहतो दिवसचे दिवस,
लोक फोटो काढतात,
आणि एक दिवस एका माणसाच्या वजनाने
सगळा डोंगर पायाखालून निघून जातो.
हातमोजा काढून मी ती साखर अंगठ्याने दाबली.
दाबता दाबता थांबलो.
कुठे पाहिला होता हा अंगठा?

तेव्हापासून शनिवार.
राखदाणीत केसांच्या पिना, डॅशबोर्डवर गणिताची वही,
आणि आदल्या रात्रीपासून एकच प्रश्न:
बाबा, घाट उघडा आहे का?
जणू तो माझ्या खिशात असतो.

एकदा खरंच बंद होता. वर कडा सुटलेला,
तोफ लागायची होती, गाड्यांची रांग मैलभर.
उणे चौदा. हॅटी खाली उतरली,
माझ्या नांगराची पात धरली,
जाड बुटांत टाचा जुळवल्या
आणि वाकायला लागली. खाली, वर. खाली, वर.
मागच्या लाकडाच्या ट्रकवाल्याने काच उतरवून विचारलं,
काय करतेय?
मी म्हटलं, गुडघे वाकवतेय.
तो म्हणाला, एवढंच?
एवढंच.

काल दोन वर्षं झाली.
म्हातारीने पुन्हा घोटा घेतला, डोळे मिटून दाबला.
मी दाराशी, टोपी हातात, श्वास घ्यायला विसरलेला.
"मार्चमध्ये बघू."
हॅटीने मान हलवली, मोजे चढवले
आणि पाइपापाशी आपली जागा धरली.

बाहेर येऊन मी दुकानात वायपर घेतले.
जुने अजून चालले असते.