मखमलीवर आठ

मखमलीच्या चकतीवर अॅल्युमिनाची ओली पूड,
त्यावर इलेक्ट्रोडचं काळं तोंड टेकवून
आठ गिरवायचा. इंग्रजी आठ, कादरी मॅडम बजावतात,
आपला मराठी आठ उघडाच राहतो,
शेपूट सोडून निघून जातो.
मग धुवायचं, थेंब मोजून.
मे महिन्यात परभणीत डिस्टिल्ड पाणी
आम्ही तुपासारखं वापरतो.

आधी गोळी. जंताची, स्टेशनरोडच्या मेडिकलमधली.
खलात कुटली, विरघळवली, गाळली,
व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं
आणि नऊशे मिलिव्होल्टच्या पुढे
रेघेनं पाठ उचलली,
जिंतूरकडचं टेकाड दिसावं तशी.
पाकिटावर चारशे, यंत्रात तीनशे ब्याण्णव.
चालतंय.

मग माणसं. पाच जण, एकेक गोळी,
सहा तासांनी एकेक बाटली.
चौघांत टेकाड आलं. बुटकं, पण आलं.
पाचवी बाटली मुंजाजी मामांची.
रेघ सपाट,
ज्वारी काढून नेलेल्या रानासारखी.
पुन्हा घासलं, पुन्हा आठ.
पुन्हा सपाट.
रात्री साडेनऊपर्यंत मी माझ्याच हाताला दोष देत बसले.

सकाळी झाडू भिंतीला टेकवून मामा म्हणाले,
"ताई, उगं घासू नका. मी खाल्लीच नाही.
शेळीला घातली.
चार दिस चाऱ्याला तोंड लावंना,
पोटात जंत असतेन म्हणलं.
माझं काय, मी जेवतोय की."

मॅडम रागावतील म्हणून मी दार लावून घेतलं.
"मग दूध आणा तिचं," एवढंच बोलले.

स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून, आलं दूध.
आम्ल घालून फाडलं, चोथा खाली बसवला,
वरच्या निवळीत इलेक्ट्रोड सोडला.
मामा माझ्या खांद्यामागं, श्वास धरून.
रेघ चालली, चालली,
आणि उचलली.
"हीच का ती?" मामांनी काचेवर बोट ठेवलं.
"हीच."
"लईच बारकी हाय," म्हणाले, पण हसले.
शेळी आता खाते म्हणे, दावणीचं दोरसुद्धा.

मीही हसले. मग आठवलं,
काल दुपारी दूधवाला आला नव्हता,
आणि चहा मात्र झाला होता.
घट्ट. जरासा उग्र. मी दोन कप घेतलेले.

नवी बाटली काढली, लेबल चिकटवलं.
नावाच्या जागी पेन अडलं थोडं,
मग लिहिलं: सहावा नमुना, स्त्री, सत्तावीस.
मखमल ओली केली.

दारातून आवाज आला,
"ताई, चहा ठेवू?"