खुणांची यादी

रकाना सातवा :
मासेमारीचं क्षेत्र, अक्षांश-रेखांशासह.

लडकूकाका म्हणतो, लिही.
मढच्या देवळाचा कळस
कान्हेरीच्या डोंगराच्या खांद्यावर बसला
की होडी थांबवायची.
खाली म्हातारीची खडप. तिथं शेवंड.
बापानं दाखवली, बापाला आज्यानं.

रेखांश, काका?
"त्यो तुजे हापिसान. माजेकरं कलस हाय."

रात्री कुस्कोबद्दल वाचत होते.
सूर्याच्या देवळातून निघायच्या रेषा,
एक्केचाळीस, जमिनीवर न दिसणाऱ्या,
त्यांच्यावर ओवलेले झरे, खिंडी, दगड,
तीनशेच्या वर.
वाका म्हणत त्यांना.
एकेक रेषा एकेका कुळाकडे.
कुठल्या दगडाला तू मक्याची दारू पाजतोस
यावरून कळायचं, तू कोण, कुठला.
सातबारा नाही. लिपीही नाही,
दोऱ्यांना मारलेल्या गाठी.

हे काकाला सांगितलं तेव्हा
त्याच्या हातात जाळ्याची सुई होती.
म्हणाला, "मंग ते कोलीच व्हते."

एक सांगितलं नाही.
ती यादी आज आपल्यापर्यंत आली
कारण वाका फोडायला निघालेल्यांनी ती केली.
विचारत गेले, म्हाताऱ्यांनी बोट दाखवलं,
यांनी लिहून घेतलं, रेषेनुसार,
क्रमांक घालून, नीट.

माझंही अक्षर नीट आहे.

पुलाचे खांब यायचेत.
भरपाईला हा कागद लागतो, खरंच लागतो.
शेवटची तारीख शुक्रवार.

पहाटे काकानं मला वेसाव्याहून नेलं दाखवायला.
कळस होता.
डोंगराच्या जागी बेचाळीस मजले
आणि वर विमानांसाठी लाल दिवा.
काका डोळे बारीक करून बसला,
होडी डावीकडे घेतली, परत आणली,
पाण्याचा रंग पाहिला.
"दिवा बी चालंल खुनंला. रातचा तं बराच.
पन त्याला नारल कोन देल?"

इंजिन बंद केलं.
फळीखालचा नारळ काढून
त्यानं पाण्यात सोडला.
खडपेला, की डोंगराला,
मी विचारलं नाही.
बराच वेळ तो आमच्याच बाजूला डुचमळत राहिला.

रकाना सातवा.
शाई नको वाटली. पेन्सिलीनं एवढंच :
कळस खांद्यावर बसला की